बडोद्याची हवा आणि पाणी : प्रदूषणाची कारणे, परिणाम आणि नियंत्रण

प्रदूषण हा विषय आपल्या मुलांच्या शालेय प्रकल्पात दरवर्षी येतो. पुस्तकात कारणे, परिणाम आणि उपाय अशी तयार यादी असते, पण तिचा आपल्या शहराशी, घरातल्या नळाशी किंवा कमाटीबागेजवळून वाहणाऱ्या विश्वामित्रीशी संबंध लागत नाही. म्हणून सभासद कुटुंबांसाठी हा माहितीपर लेख आम्ही बडोद्याचेच उदाहरण घेऊन लिहिला आहे. विद्यार्थ्यांना तो प्रकल्पासाठी उपयोगी पडेल आणि मोठ्यांना घरी काही गोष्टी बदलण्यासाठी.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच थोडक्यात सांगतो. बडोद्यात, आणि देशातल्या बहुतेक औद्योगिक शहरांत, अनेक वर्षे प्रदूषण नियंत्रण म्हणजे घाण आपल्यापासून लांब नेणे असे समजले गेले. धूर त्रास देतो म्हणून धुराडे उंच केले, सांडपाणी त्रास देते म्हणून नाला लांब केला. त्यामुळे घाणीचा पत्ता बदलला, ती संपली नाही. खरे नियंत्रण घाण जिथे तयार होते तिथेच करावे लागते.

प्रदूषण कशाला म्हणायचे?

निसर्गाला काही प्रमाणात घाण पचवता येते. नदीत थोडे सेंद्रिय पदार्थ पडले तर पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात, चुलीचा थोडा धूर वाऱ्यात विरून जातो. ही पचनशक्ती संपते तिथे प्रदूषण सुरू होते. काही पदार्थ मात्र निसर्ग पचवूच शकत नाही. शिसे, पारा, क्रोमियम यांसारखे जड धातू आणि कारखान्यांतली काही रसायने कितीही पाण्यात मिसळली तरी नाहीशी होत नाहीत. ती गाळात साचतात, माशांत, पिकांत आणि शेवटी माणसाच्या शरीरात येतात. त्यामुळे ‘भरपूर पाण्यात सोडले की झाले’ हा हिशेब मैल्याच्या बाबतीत अपुरा आहे आणि जड धातूंच्या बाबतीत साफ चुकीचा.

आजव्याचे पाणी

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी शहरासाठी आजवा येथे मातीचा बंधारा घालून मोठे सरोवर बांधून घेतले. 1892 पासून ते शहराची तहान भागवत आहे. आज त्याला आपण सयाजी सरोवर किंवा आजवा सरोवर म्हणतो. शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे तिथले पाणी उताराने शहराकडे येते. नंतर शहर वाढले तसे मही नदीच्या पात्रातल्या विहिरींचे पाणीही आणावे लागले.

या योजनेत एक साधे शहाणपण होते. पाण्याचा साठा वस्तीच्या वरच्या बाजूला, घाणीपासून दूर ठेवला की शुद्धीकरणाचे निम्मे काम आपोआप होते. पण घरात आलेल्या पाण्यापैकी ढोबळ मानाने 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. स्वच्छ पाणी आत आणण्याचा विचार जितक्या काळजीने झाला, तितका घाण पाणी बाहेर जाण्याचा झाला नाही. त्याची किंमत विश्वामित्रीने मोजली.

विश्वामित्रीचे काय झाले?

विश्वामित्री पावागडावर उगम पावते, बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जाते. पावसाळा सोडला तर तिला स्वतःचे पाणी फार थोडे असते. उरलेल्या महिन्यांत पात्रात जे वाहते त्यात शहराच्या नाल्यांचाच वाटा मोठा असतो.

मैलापाणी नदीत पडल्यावर काय घडते ते समजून घेऊ. जिवाणू त्यातले सेंद्रिय पदार्थ खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल त्या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात, अहवालांत ते ‘बीओडी’ या नावाने येते. अंघोळीयोग्य नदीत हे प्रमाण लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. प्रक्रिया न केलेल्या घरगुती मैलापाण्याची मागणी साधारण 150 ते 300 मिलिग्रॅम असते. असे पाणी अंगच्या प्रवाहाविना वाहणाऱ्या नदीत पडले की प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाणी काळे पडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांत विश्वामित्रीही आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नदीत मगरी आहेत, म्हणजे पाणी इतके वाईट नसेल’ असे अनेकजण म्हणतात. मगर फुप्फुसाने हवेतला प्राणवायू घेते, पाण्यातला नाही. त्यामुळे ज्या पाण्यात मासा गुदमरतो त्यातही ती तग धरते. मगरींचे असणे ही त्यांच्या चिवटपणाची खूण आहे, पाणी स्वच्छ असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

नदीचा दुसरा त्रास आपण ऑगस्ट 2024 च्या पुरात सोसला. पूर आणि प्रदूषण हे वेगळे प्रश्न वाटतात, पण ज्या पात्रात आणि कोतरांत भराव, राडारोडा आणि कचरा टाकला जातो तिथे पाणी मावत नाही आणि शुद्धही होत नाही. पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा गटाराचे पाणीही त्याच्याबरोबर येते. नदीकाठच्या एका विकास योजनेवरून राष्ट्रीय हरित लवादापुढे चाललेल्या प्रकरणात मे 2021 मध्ये आदेश झाला. विश्वामित्रीचे पूरक्षेत्र, कोतरे आणि जीवसृष्टी राखण्यासाठी कृती आराखडा करावा, असे त्यात सांगितले आहे.

कारखाने आणि लांबलचक नाला

1960 नंतर बडोद्याच्या वायव्येला मोठी औद्योगिक पट्टी उभी राहिली. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 मध्ये सुरू झाला. खत कारखाना, पेट्रोरसायने आणि नंदेसरीची रासायनिक वसाहत आली. या उद्योगांनी हजारो घरांना स्थैर्य दिले. आपल्या समाजातल्या कितीतरी कुटुंबांची एक अख्खी पिढी तिथे नोकरी करून निवृत्त झाली. ही गोष्ट विसरून केवळ कारखान्यांना दोष देणे योग्य होणार नाही.

पण त्या सांडपाण्याचे करायचे काय, हा प्रश्न होता. महीत सोडावे तर तिचे पाणी आपण पितो. त्यावर उपाय म्हणून सुमारे 55 किलोमीटर लांबीचा एक नाला बांधला गेला आणि 1983 मध्ये तो सुरू झाला. बडोद्याजवळच्या धनोरा गावापासून पादरा तालुक्यातून तो भरूच जिल्ह्यातल्या जंबुसर तालुक्यातील सरोद गावापर्यंत जातो. तिथे कारखान्यांचे सांडपाणी महीच्या मुखाशी, खाडीत सोडले जाते.

शहराच्या दृष्टीने ती मोठी सोय होती. नियमाप्रमाणे प्रत्येक कारखान्याने पाण्यावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत प्रक्रिया करूनच ते नाल्यात सोडायचे असते. ही अट पाळली गेली तर नाल्यातून वाहते ते तुलनेने निरुपद्रवी पाणी. अट मोडली गेली तर तोच नाला 55 किलोमीटर घाण वाहून नेतो. नाल्याची गळती, आसपासच्या विहिरींचे बदललेले पाणी, नाल्यातले पाणी शेतीला घेतले जाणे, याविषयी काठच्या गावांतून वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या आहेत. खाडीकाठच्या मच्छीमारांचाही प्रश्न आहे.

आपल्याकडून ती घाण लांब गेली, पण सरोदच्या माणसाला ती जवळच आहे. आणि पादऱ्याची भाजी बडोद्याच्या बाजारात येते. जमिनीत मुरलेले रसायन त्याच वाटेने शहरात परत येऊ शकते.

हवेचे गणित

हवेच्या बाबतीत लांब नेण्याचे साधन म्हणजे उंच धुराडे. आपल्याकडचा नियमच असा आहे की धुरातून ताशी जितका सल्फर डायऑक्साइड बाहेर पडेल तितकी धुराड्याची उंची वाढवायची, आणि ती निदान 30 मीटर ठेवायची. उंचीमुळे जवळच्या वस्तीवरचा भार कमी होतो हे खरे. पण वायू वर जाऊन थांबत नाही. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हवेतल्या अमोनियाशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण तयार करतात. हे कण धुराड्यातून निघालेले नसतात, हवेतच जन्मतात, आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात.

या कणांना मापावरून नावे आहेत. पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतचे. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पीएम 10 मध्ये रस्त्याची धूळ आणि बांधकामाची माती जास्त असते, पीएम 2.5 मध्ये ज्वलनाचा भाग मोठा असतो. भारताच्या 2009 च्या मानकाप्रमाणे पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 5 सुचवली. म्हणजे आपल्या मानकात बसणारी हवा पूर्ण निर्धोक आहे असे समजू नये.

हिवाळ्यात त्रास का वाढतो? एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर चढते आणि धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, खालची हवा थंड आणि वरची उबदार असा उलटा थर बसतो, आणि धूर त्या झाकणाखाली अडकतो. दिवाळीचे फटाके, शेकोट्या आणि जाळलेला कचरा नेमके याच दिवसांत येतात. पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी अशा दिवशी ऊन थोडे वर आल्यावर बाहेर पडावे.

उद्योग, पाणी, जमीन आणि हवा यांचा एकत्रित विचार करून केंद्रीय मंडळ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढते. 70 च्या वर गेलेले क्षेत्र ‘अतिगंभीर’ गणले जाते. 2009 च्या यादीत बडोदे त्या रेषेच्या खाली होते. 2018 मध्ये त्याचा आकडा 89.09 झाला. त्या वर्षी यादीत पहिले होते महाराष्ट्रातले तारापूर.

शरीरावर होणारे परिणाम

पीएम 2.5 फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही जातात. त्यामुळे दमा, जुनाट खोकला एवढेच नव्हे, तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. बाहेरील हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्ये जाहीर केले. लहान मुले शरीराच्या मानाने जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून त्यांना इजा जास्त होते.

दूषित पाण्याने विषमज्वर, कॉलरा, अतिसार आणि कावीळ होते, हे आपण जाणतो. धरणाचे शुद्ध केलेले पाणी घरापर्यंत येताना कसे बिघडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येते. पुरवठा बंद झाला की नळवाहिनीतला दाब जातो. तिला भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी आल्याबरोबर पहिली काही मिनिटे ते गढूळ दिसते. ते धुण्या-पुसण्याला वापरावे, पिण्यासाठी भरू नये.

कायदा काय सांगतो?

जल प्रदूषण कायदा 1974 चा, वायू प्रदूषण कायदा 1981 चा. भोपाळच्या डिसेंबर 1984 च्या वायुगळतीनंतर 1986 मध्ये व्यापक पर्यावरण संरक्षण कायदा आला. गुजरातमध्ये अंमलबजावणी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. 2010 च्या कायद्याने राष्ट्रीय हरित लवाद स्थापन झाला.

बडोदेकरांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा एक निकाल आहे. पर्यावरण सुरक्षा समिती या गुजरातमधल्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 रोजी आदेश दिला. ज्या कारखान्याकडे चालू स्थितीतले सांडपाणी प्रक्रिया केंद्र नाही, त्याला नोटिशीची मुदत संपल्यावर उत्पादन करू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. सामूहिक प्रक्रिया केंद्रे आणि नगरपालिकांची मैलापाणी केंद्रे यांनाही मुदत घालून दिली. हा आदेश देशभर लागू आहे.

खरे नियंत्रण : चार पायऱ्या

प्रदूषण रोखण्याचे उपाय एकाच तोलाचे नसतात. आम्ही ते उतरत्या क्रमाने मांडतो.

1. घाण तयारच होऊ न देणे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि वाहनांच्या धुरातले शिसे मुळातच थांबले. 1 एप्रिल 2020 पासून इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात 50 भागांवरून 10 भागांवर आले. ते काम तेलशुद्धीकरण कारखान्यांतच झाले.

2. कमी करणे आणि पुन्हा वापरणे. प्रक्रिया केलेले मैलापाणी उद्योगांना दिले तर ताजे पाणी वाचते आणि नदीवरचा भारही हलका होतो.

3. जागेवरच प्रक्रिया. मैलापाणी केंद्रात आधी गाळ बसवतात, मग जिवाणूंकडून सेंद्रिय पदार्थ पचवून घेतात, शेवटी निर्जंतुकीकरण करतात. हे केंद्र घरगुती मैल्यासाठी असते. कोणी त्याच गटारात चोरून रसायन सोडले तर ते जिवाणूच मरतात आणि सगळे केंद्र निकामी होते. धुरासाठी कण पकडणारी यंत्रे असतात. सुरतेत 2019 मध्ये कारखान्यांच्या धूलिकणांवर एकत्रित मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. धुराड्यांवर सतत मोजणी करणारी यंत्रे बसवली होती. त्या योजनेत सामील कारखान्यांचे कण 20 ते 30 टक्के कमी झाल्याचे अभ्यासात आढळले.

4. लांब नेऊन सोडणे. उंच धुराडे आणि लांब नाला या पायरीवर येतात. वरच्या तीन पायऱ्या झाल्यावर जे थोडे उरते त्यासाठीच ही पायरी आहे. आपल्याकडे बराच काळ हीच पहिली पायरी ठरली, आणि दुखणे तिथेच आहे.

आपल्या घरी काय करता येईल?

हाच क्रम घरालाही लागू होतो. दारातला कचरा कोपऱ्यावर नेऊन पेटवणे हे आपले घरगुती ‘लांब नेणे’ आहे.

- पानगळीचा पाला आणि प्लॅस्टिक जाळू नका. पाल्याचे खत होते. सोसायटीत एक खड्डा किंवा पिंप पुरते.
- वापरलेले तेल, रंग, जुनी औषधे मोरीत ओतू नका. प्रक्रिया केंद्राला ती पचत नाहीत.
- पाण्याचा अहवाल वाचायला शिका. नळाच्या पाण्यात उरलेले क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावे. एकूण विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असतील तर आरओ यंत्राची सहसा गरज नसते. ते बरेच पाणी वाया घालवते. बोअरच्या पाण्याची मात्र वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.
- हवेचा निर्देशांक रोज पाहा. 100 पर्यंत ठीक, 200 च्या वर वाईट. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर तो मिळतो.
- गणपतीची मूर्ती शाडूची आणि लहान घ्या, नैसर्गिक रंगांची मागा, विसर्जन घरच्या बादलीत किंवा कृत्रिम तलावात करा. घरात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत उपयोगी आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती मूर्ती काही दिवसांत विरघळते. आपला उत्सव दहा दिवसांचा, पण प्लास्टर तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे राहते.
- नाल्याच्या पाण्याचा रंग बदलला, रात्री उग्र वास आला, तर वेळ, ठिकाण आणि छायाचित्रासह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तोंडी कुरबुरीची नोंद कुठेच होत नाही.

आपल्यातले अनेक सभासद या कारखान्यांत, महापालिकेत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत काम करून निवृत्त झाले आहेत. सांडपाण्याचा अहवाल कसा वाचायचा, धुराड्यावरचे यंत्र काय मोजते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी मुलांच्या प्रकल्पांना मदत केली आणि आपापल्या प्रभागातल्या नाल्याची माहिती लिहून ठेवली, तर त्या ज्ञानाचा उपयोग होईल. आजव्याचे सरोवर बांधणाऱ्यांनी पाणी कुठून आणायचे याचा पुढच्या शंभर वर्षांसाठी विचार केला होता. ते वापरून झाल्यावर कुठे आणि कोणत्या अवस्थेत जाते, याचा विचार करण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे.